नानांनी काही भरलं नव्हतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही. आईला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल असं वाटतंय – बघू.

माझं काम आधी सांगतो, कारण त्याशिवाय ह्यातली लाज कळायची नाही. चाकणच्या एका कंपनीत मी आयटी विभागात आहे. फसवे मेल कसे ओळखायचे, हे नव्या लोकांना शिकवणं माझ्याकडे असतं. पाठवणाऱ्याचं नुसतं नाव बघू नका, पत्ता बघा. ‘आजच करा, नाहीतर बंद होईल’ अशी घाई करणारा मेल आला की हात मागे घ्या. मेलमधल्या लिंकवरून बँकेत जाऊ नका, बँकेचा पत्ता स्वतः टाका. आणि ओटीपी – तो कुणालाच नाही, कुठेच नाही. झोपेत विचारलं तरी सांगेन.

माझे वडील, नाना, देहूरोडच्या फॅक्टरीत मालाची तपासणी करायचे. निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नाही. भाजीवाल्याने दिलेली सुटी नाणीसुद्धा उलटून पालटून बघायचे. वस्तीतले बाकीचे पेन्शनर बँकेची कागदपत्रं घेऊन त्यांच्याकडे यायचे. नाना चष्मा पुसून एकेक रकाना वाचायचे, मग म्हणायचे, “आता कर सही.” त्यांना मीच स्मार्टफोन घेऊन दिला, नेटबँकिंग सुरू करून दिलं. पासवर्ड आम्हा दोघांनाच ठाऊक. एकच नियम घालून दिला होता – काही आलं की स्वतः हात लावायचा नाही, मला विचारायचं.

त्यांनी तेच केलं. तेवढं लक्षात ठेवा.

एका शनिवारी मी त्यांना घेऊन पिंपरी कॅम्पात गेलो होतो. आईचे गुडघे फार दुखायचे, तिला मऊ तळव्याच्या चपला हव्या होत्या. गाडी लावायला जागा नव्हती म्हणून मी गाडीतच बसलो. उतरताना नानांनी फोन माझ्या हातात दिला.

“हा मेल बघ रे जरा. पेन्शनचं काहीतरी लिहिलंय. मी काही केलेलं नाही.”

मेलमध्ये होतं की तुमचा हयातीचा दाखला नोंदवला गेलेला नाही, आज माहिती भरली नाही तर पेन्शन थांबेल. खाली लिंक. तेवढ्यात माझा फोन वाजला. प्लांटमधला सर्व्हर बसला होता, लाइन थांबली होती, सुपरवायझर आवाज चढवून बोलत होता. मागची रिक्षा हॉर्न वाजवत होती. मी एका कानाने त्याचं ऐकत, त्याला काय काय तपासायचं ते सांगत, दुसऱ्या हाताने नानांच्या फोनवर –

हो. लिंक उघडली. खाते क्रमांक, युजरनेम, पासवर्ड. वर मेसेज आला, त्यातला ओटीपी पण टाकला. पाठवणाऱ्याचा पत्ता मी पाहिला नाही. जे मी दर महिन्याला पडद्यावर लाल गोल काढून दाखवतो, त्यातली एकही गोष्ट पाहिली नाही. घाई होती, हे खरं. पण घाईत असलेल्या माणसासाठीच तर ते मेल लिहिलेले असतात, हेही मीच शिकवत होतो ना?

नाना चपलांची पिशवी घेऊन आले. “झालं का?”

“झालं,” मी म्हणालो.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. खात्यातले पैसे जात होते. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांनी साठवलेले. मी चाकणहून देहूरोडला पोचेपर्यंत खातं रिकामं झालं होतं. वाटेत, भोसरीच्या आसपास, मला पिंपरीतली ती पाच मिनिटं आठवली. घरी जाऊन सरळ सांगायचं, असंच ठरवलं होतं. तुम्हाला खोटं वाटेल, पण तसंच ठरवलं होतं.

घरात माझी धाकटी बहीण वैशाली नवऱ्यासोबत येऊन बसली होती. नाना खुर्चीत. वैशाली त्यांना विचारत होती, “नाना, आठवून सांगा, ओटीपी कुणाला दिलात?”

“मी कुणालाच दिला नाही गं. शनिवारी मेल आलेला, तो मी ह्याला दाखवला. हा म्हणाला, झालं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा मेहुणा पण. ह्याच मेहुण्याला मी मागच्या दिवाळीत, त्याने एका फसव्या मेसेजमधली लिंक उघडली म्हणून, चारचौघांत हसलो होतो.

“झालं म्हणजे बघून झालं, नाना,” मी म्हणालो. “खोटा मेल होता, मी डिलीट केला. नंतर परत आला असेल. तुम्ही भरलं असेल.”

आवाज किती शांत होता माझा! आज आठवला की अंगावर काटा येतो.

नाना माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. काहीतरी हरवलेलं शोधावं तसे. मग हळूच म्हणाले, “असेल. भरलं असेल मी.”

मग मी त्यांचा फोन ‘तपासायला’ घेतला, बाल्कनीत गेलो आणि तो मेल, तो मेसेज, ब्राउझरमधली नोंद – सगळं पुसून टाकलं. तोवर खरं तर डिलीट काहीच केलेलं नव्हतं. सायबर पोलिसांनी मूळ मेल मागितला तेव्हा मीच सांगितलं, वडिलांच्या हातून गेला. तो असता तर काही हाती लागलं असतं का? माहीत नाही. लागलं नाही एवढं खरं. तक्रारीत ‘माझ्याकडून अनवधानाने माहिती भरली गेली’ असं लिहिलं होतं. नानांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. आणि सही केली.

आईचं ऑपरेशन मी माझ्या पैशांनी करून दिलं. नातेवाइकांत माझं कौतुक झालं. नाना सगळ्यांना सांगायचे, “पोरगा होता म्हणून निभावलं.” मी ते ऐकून घेतलं.

त्यांनी फोन आईकडे देऊन टाकला. बँकेत जाणं बंद केलं. वस्तीतलं कुणी कागद घेऊन आलं की म्हणायचे, “मला नका दाखवू, माझ्या हातून चूक होते आता.” गॅस बंद केला का, हे बघायला चार चार वेळा उठायचे. वैशालीने त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, मीही गेलो. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं, उलटे आकडे म्हणायला लावले. नानांनी सगळं नीट केलं. मग डॉक्टर माझ्याकडे वळले – विसरल्याचा एखादा ठळक प्रसंग? मी तो मेलचा प्रसंग सांगितला. नानांच्या समोर. डॉक्टर म्हणाले, काही विशेष दिसत नाही, वयाप्रमाणे ठीक आहे. पण नानांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवला.

अजून एक आहे. हे सांगताना जीभ जड होते. कंपनीतल्या सेशनमध्ये मी हाच किस्सा सांगायला लागलो. ‘माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ, आयुष्यभर तपासणी खात्यात, आणि बघा –’ पोरं हसायची. किस्सा चांगला रंगायचा.

आणि तरीही हे सगळं म्हणजे जे सांगायचंय ते नव्हे. इतका वेळ मी त्याच्याभोवतीच फिरतोय.

एका रविवारी घरात आम्ही दोघंच होतो. आई वैशालीकडे गेली होती. मी चहा केला. नाना कप हातात धरून बसले होते, पीत नव्हते. अचानक म्हणाले,

“एक विचारू? रागावू नकोस. त्या दिवशी गाडीत तू काही भरलं नव्हतंस ना?”

मी बशीत सांडलेला चहा पुसायला लागलो.

“भरलं असलंस तरी चालेल रे. पैसे गेले ते गेले. मी कुणाला सांगणार नाही, तुझ्या आईलाही नाही. फक्त माझं डोकं ठीक आहे, एवढं मला कळू दे.”

दार उघडून दिलं होतं त्यांनी. मला लाज वाटू नये म्हणून वर आडोसाही धरला होता. एक ‘हो’ पुरला असता. ना मेहुणा समोर, ना पोलीस, ना कंपनी. घाईही नव्हती. रविवार होता.

“नाही, नाना,” मी म्हणालो. “तुम्हीच भरलं होतं. नका एवढा विचार करू.”

त्यांनी मान हलवली. “बरं,” म्हणाले, आणि चहा प्यायले. पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. हृदय बंद पडलं, झोपेतच. पुण्यानुमोदनाला, त्यांच्या शोकसभेला, वस्ती लोटली होती. त्यांच्यासोबत नोकरी केलेले एक काका बोलायला उभे राहिले – इतका चोख माणूस, पण शेवटी शेवटी बिचाऱ्याचं डोकं साथ देत नव्हतं. आईने डोळ्यांना पदर लावला. वैशालीने मान डोलावली. मी पहिल्या रांगेत हात जोडून बसलो होतो, तसाच बसून राहिलो.

त्यांच्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं. शेवटच्या दिवसापर्यंत नाही. हे जगात एकट्या मला ठाऊक होतं, आणि त्यांनी ते माझ्याकडे मागितलं होतं.