हेडबाईंची घरची शाळा

हेडबाईंनी देवघरातली घंटा वाजवली की आमच्या गल्लीतली कुत्री रांगेत उभी राहत. थाप वाटेल, पण बर्मिंगहॅममध्ये मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो. दुधाच्या गाडीवरचा गोरा टोपी काढून उभा राहिलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. ही घंटा आरतीची नव्हे, शाळा भरल्याची. पटावर विद्यार्थिनी एक, त्यांचीच सात वर्षांची मुक्ता. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका आणि शिपाई मात्र हेडबाई स्वतः.

ही शाळा निघाली एका शब्दापायी. एका संध्याकाळी दिवा लावल्यावर मुक्ताने ‘शुभं करोति’ म्हटलं, अगदी खणखणीत, आणि शेवटी बोटांत बोटं गुंफून म्हणाली, “आमेन!” शाळेच्या असेंब्लीत रोज प्रार्थना होई, तिथलं ते घरी आलं होतं. तिचे बाबा, हॉस्पिटलात हाडं जोडणारे डॉक्टर, हसून हसून सोफ्यावरून घरंगळले. “अगं, एका फेरीत दोन्ही देवांकडे पोचलं!” मीही हसलो. हेडबाई हसल्या नाहीत.

“भाऊजी, आज आमेन म्हणाली,” त्या मला म्हणाल्या. “उद्या विचारेल, आई, तू रोज कुणासमोर बसतेस गं?”

“वहिनी, तुम्ही स्वतः नागपूरला कॉन्व्हेंटात शिकलात,” मी टोचलं. “तुमचं काय बिघडलं?”

“मी रोज प्रार्थना म्हणायचे, आणि घरी यायचे तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मारुती होता. शेजारी कीर्तन होतं. दारोदारी रांगोळ्या होत्या. इथे काय आहे? इथे अख्खी गल्ली म्हणजे मी एकटी!” पुढच्याच सोमवारी मुक्ताचं नाव शाळेतून काढलं.

शिकवत मात्र त्या झकास. पावकी-निमकी अशी घोटून घेत की स्वयंपाकघरातले डबेसुद्धा पाढे म्हणू लागतील. इंग्रजी, भूगोल, रामरक्षा, सगळं तासावर. शनिवारी विज्ञानाला मी. मानधन दोन थालीपिठं, वर लोण्याचा गोळा. पण दुपारी साडेतीनला समोरच्या रस्त्याने शाळेतली पोरं दंगा करत घरी जात, तेव्हा हेडबाई उठून पडदा ओढत. “लक्ष जातं हो तिचं.” मग मला हळूच विचारत, “हल्ली गप्प असते जरा. अभ्यासू झालीय, नाही का?” हा ‘नाही का’ त्या डॉक्टरांना विचारत, मला विचारत, फोनवर आईला विचारत. उत्तर मात्र ऐकून घेत नसत.

मग कौन्सिलने कळवलं, इन्स्पेक्टर येणार. घरचं शिकवणं पसंत पडलं नाही तर मुलीला शाळेत घालावंच लागेल. हेडबाईंनी आठवडाभर घर असं घासलं की वॉलपेपरवरची फुलं फिकी पडली. मला टाय लावून ‘विज्ञान विभाग’ म्हणून कोपऱ्यात बसवलं. आलेली बाई निघाली मऊ आवाजाची, गुडघ्यावर कप सांभाळणारी. मुक्ताने घडाघडा वाचलं, हिशेब फटाफट केले, हृदयाचे चार कप्पे न चुकता सांगितले. बाई खूश. हेडबाईंचा चेहरा फुलून वाडग्याएवढा झाला.

उठता उठता बाईने सहज विचारलं, “अँड हू डू यू प्ले विथ, डिअर?”

मुक्ताने जरा विचार केला. “गणपती,” ती म्हणाली. “बट ही ओन्ली कम्स फॉर अ डे अँड अ हाफ.”

बाईने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा असतो, हे मी इंग्रजीत सांगू लागलो आणि मध्येच तिचा कप आवरायला लागलो. बाई मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवून गेली. शिक्षण उत्तम, घरीच चालू ठेवायला हरकत नाही, असंच तिने कळवलं. हेडबाई जिंकल्या होत्या.

आणि त्याच आठवड्यात त्या मुक्ताचं नाव परत घालायला तिला घेऊन शाळेत गेल्या. हेडमिस्ट्रेस समजूतदार होती. म्हणाली, तुमच्या धर्माचं कारण असेल तर प्रार्थनेच्या वेळी हिला बाहेर बसवू.

“बाहेर? एकटीला?” हेडबाईंचा तो आवाज पटांगणात ऐकू आला असेल. “नो, नो. बसू दे तिला सगळ्यांत.”

पुढे कित्येक दिवस त्या गेटाशी रेंगाळत. आमेनची धास्ती जाऊन आता नवीच लागली होती. “भाऊजी, डबा खाताना कुणी बसत असेल ना हो हिच्याशेजारी?”

दोन वर्षांनी डॉक्टरांना ब्रिस्टलला जागा मिळाली. निघायच्या दिवशी मी निरोपाला गेलो, तर गाडीत मागच्या सीटवर मुक्ता हुंदके देत होती, नाक लाल, फ्रॉक ओला. मी घाबरून विचारलं, “वहिनी, काय झालं हिला?”

“कालपासून रडतेय! जेवली नाही, झोपली नाही. मैत्रिणी सुटल्या ना!” हेडबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या. त्यांना इतकं आनंदात मी कधीच पाहिलं नव्हतं. “बघा तरी, भाऊजी, कशी रडतेय!”