एका बागेचे चार नकाशे

कुरुंदवाडचा बाळाप्पा माळी कोल्हापुरात पेठेतल्या जुन्या बागेत कामाला लागला, तेव्हा त्याला वाटलं, चार-सहा महिने काढू आणि घरी परतू. बावीस वर्षं झाली तरी गडी तिथंच. संस्थानकाळात आखलेली ती बाग होतीच तशी. मधोमध गोल हौद, भोवती कण्हेरी, आणि हौदापासून निघालेल्या चार वाटा चार गल्ल्यांना जाऊन भिडायच्या. चारी सारख्या रुंद. आखणाऱ्यानं कोल्हापूरकर नीट ओळखले होते; एक वाट वीतभर मोठी असती तर रोज डोकी फुटली असती.

अठ्ठ्याण्णव साली खबर आली, की बाग काढून तिथं गाड्यांचा तळ होणार. बाळाप्पा थेट पालिकेच्या कचेरीत गेला. साहेब भला माणूस. म्हणाला, "कागदावर इथं नुसती मोकळी जागा दिसते. महिन्याभरात बागेचा नकाशा आणा, मग वाचवता येईल."

जुना नकाशा कुठंच सापडेना. बाळाप्पाला बाग तोंडपाठ, पण पेन्सिल कधी हातात धरलेली नव्हती. त्यानं तालमीच्या सयाजीला गाठलं. "पैलवान, मी सांगतो, तुम्ही काढा." सयाजीनं नकाशा झोकात काढला, फक्त आपल्या गल्लीची वाट तेवढी दुप्पट रुंद.

"अवो, हे खोटं हाय की!" बाळाप्पा ओरडला.

"खोटं कसं? पालखी आमच्याच वाटनं जाती!"

हे कानावर जाताच फुलवाल्या चिमणाबाईच्या गल्लीनं दुसरा नकाशा काढला. मग उरलेल्या दोन गल्ल्या काय गप्प बसणार? मुदतीच्या दिवशी साहेबाच्या टेबलावर चार नकाशे पडले, प्रत्येकात मुख्य वाट वेगळी. चारी सारख्याच आहेत म्हणून बाळाप्पा हात जोडून सांगत होता, पण त्या कालव्यात त्याचं ऐकतंय कोण! साहेबानं 'पुरावा जुळत नाही' असा शेरा मारला. बाग गेली.

दोन वर्षांनी चारी गल्ल्यांची माणसं एका सकाळी बाळाप्पाच्या दारात उभी. सयाजीनं कागद उलगडला. "सगळ्यांनी मिळून काढलाय. तालमीत लावायचाय. तेवढा तपासून द्या."

बाळाप्पानं चष्मा चढवला. हौद बरोबर, कण्हेरी बरोबर, चारी वाटा तंतोतंत सारख्या. त्याला हसू फुटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी काही थांबेना.

"एकदम बरोबर काढलाईसा," तो म्हणाला. "ह्योच तवा काढला असता, तर मी आत्ता कण्हेरीला पाणी घालत असतो की, बाबांनो."