बाजेसारखी ताणलेली होडी

ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझ्यासारखी बाज ताणणारा दुसरा नव्हता. होता एक, पण त्यानेच मला शिकवलेलं, आणि शिकवून झाल्यावर कपाळाला हात लावून घरी पाठवलेलं.

खांद्यावर सुंभाची गुंडाळी टाकून मी दारोदार फिरायचो. डोंबिवलीत तेव्हा नोकरदारांच्या चाळी उठत होत्या. तिथल्या म्हाताऱ्यांना लोखंडी खाटेवर झोप येत नसे, म्हणून माझं पोट चाललेलं. मी पायथ्याचा दोर ताणला की बाजेवर टाकलेला चिंचोका टणकन उडायचा. कधीकधी म्हातारापण उडायचा, पण ते असो.

सासुरवाडी माझी डोंबिवलीच्या खाली, खाडीकाठी. सगळे होडीवाले. त्यांच्यात मी एकटा जमिनीवरचा. होडीत पाय ठेवला की मेव्हणे ओरडायचे, "भावजी आले रे, मधी बसवा, कलंडंल!" मी हसायचो. घरी येऊन मग बायकोवर चिडायचो.

तर धाकट्या मेव्हण्याचं लग्न निघालं. करवली माझी बायको. भावाला पहिली हळद बहिणीने लावायची, ही त्यांच्याकडची रीत. ती वेळेवर नसली तर चुलत बहीण पुढे होते, आणि मग सख्खीला ते जन्मभर ऐकावं लागतं. हळद होती दुपार कलल्यावर. सासऱ्यांची लहान होडी तेव्हा कल्याणला सुताराकडे होती, नवी डोलकाठी बसवायला. सासऱ्यांनी निरोप धाडला, येताना होडी घेऊन या. शीड लावू नका. ओहोटी लागली की नुसती वल्हवत आणा. दोर आम्ही बांधू.

दोर आम्ही बांधू! हे मला झोंबलं. अरे, दोर हा माझा धंदा. तुम्ही मासे धरा.

सकाळी आम्ही दोघं कल्याणच्या बंदरावर. बायको नवं लुगडं नेसून, हळदीची वाटी पदराखाली धरून धक्क्यावर बसलेली. डोंगराकडून छान वारा सुटलेला, थेट सासुरवाडीच्या दिशेने. मी म्हटलं, आज शीड लावूनच जायचं. अख्खा गाव काठावर उभा राहून बघेल.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी दोर असतात, ते होडीच्या काठाला बांधायचे. एवढंच. मी डावा बांधला. काठी डावीकडे झुकली. उजवा ओढला, ती उजवीकडे झुकली. परत डावा. परत उजवा. सुतार बिडी ओढत बघत होता. म्हणाला, "पाव्हणं, जरा ढील ठेवा. शीड फिरायला जागा नको का?"

"ढील ठेवली की माणूस झोळीत जातो," मी म्हटलं.

"कोण माणूस? काठीवर कोण झोपनाराय?"

मी त्याच्याकडे बघितलंच नाही. हाताने ताण पुरेना, तेव्हा एक वल्हं दोरात अडकवलं आणि पीळ देत बसलो. बाजेचा दोर हट्टी असला की आम्ही असाच दांडक्याने पिळतो. काठी सरळ झाली. दोरावर बोट मारलं तर तुणतुण्यासारखा वाजला. मी खुशीत सुताराला म्हटलं, "बघा!" आणि तेवढ्यात वल्हं कडकन मोडलं.

"अहो," बायको म्हणाली, "बाबांनी वल्हवत आणायला सांगितलेलं."

"शीड असताना वल्हं कशाला?"

"आता येकच तर ऱ्हायलंय!"

मी शीड वर ओढलं. वाऱ्याने ते फुगलं, आणि माझी छातीपण. होडी निघाली. दोनचार माड मागे पडले. मग खाडीच्या वळणावर शीड दुसऱ्या बाजूला घ्यायची वेळ आली, तर ते फिरेचना. मी दोर एवढे ताणलेले की शिडाची आडवी काठी त्यांच्यात गच्च अडकून बसलेली. मी इकडून ढकलतोय, तिकडून ओढतोय, शिव्या देतोय, आणि होडी आडवी होऊन गुमान चालली काठच्या बांधाकडे, गोठ्यात म्हैस जावी तशी. जाऊन चिखलात रुतली.

तेव्हा पायाला गार लागलं. डोलकाठी मी इतकी खाली खेचलेली की तळाच्या फळीची फट उघडलेली. मी सदरा काढला, फटीवर ठेवला आणि वर बसलो.

"आता काय करताव?" बायको.

"दाबून बसलोय."

"कितीवेळ?"

मी बसल्या बसल्या दोराकडे हात लांबवला. म्हटलं, "एक दोर सोडतो, जरा ढिला करतो, की झालं." पण गाठ माझी. बाजेची गाठ. ती सुटू नये म्हणूनच लोक मला बोलवायचे. वर पाणी लागून सुंभ फुगलेलं. नखं तुटली, दात लावला तर दातपण हलला. वारा तेवढ्यात पडला. थोड्या वेळाने उलटा सुटला, समुद्राकडून, सरळ तोंडावर. खाडीवरचं हे मला ठाऊक होतं. फक्त त्या दिवशी ते माझ्या बाबतीत होणार नाही असं वाटलेलं.

बायकोने सूर्याकडे बघितलं. लुगडं वर खोचलं, वाटी डोक्यावर घेतली आणि बांधावर उतरली.

"अगं, थांब, सुटतेय गाठ!"

"तुमी सोडा. माझा भाव वाट बघतोय."

ती बांधावरून ताडताड निघाली. मी ओरडत राहिलो, पण मला उठता येईना, उठलो की पाणी आत. नवरा फटीवर बसलाय आणि बायको हळदीला चाललीय, असं मी तिला वळणापर्यंत बघितलं. तिने एकदापण मागे बघितलं नाही. बरं केलं.

फटीवर बसूनच उरलेल्या वल्ह्याने बांधाला रेटा देऊन मी होडी चिखलातून सोडवली, आणि पुढची वाट त्या एकाच वल्ह्याने केली. एका वल्ह्याने होडी पुढे कमी जाते, गोल जास्त फिरते. एका बगळ्याला तर मी तीनदा भेटलो.

सासुरवाडीला पोचलो तेव्हा पाणी पार उतरलेलं. होडी धक्क्याच्या अलीकडेच बसली. मी मांड्यांपर्यंत चिखलात उतरून दोर ओढत निघालो. वर मांडवात वाजंत्री चाललेली. सगळा गाव काठावर बघायला आला, हे मात्र मी म्हटलं तसंच झालं. सगळे पिवळे, मी एकटा काळा. मांडवाच्या तोंडाशी बायको उभी, कोपरापर्यंत हळद. पहिली तिनेच लावलेली. तिला हसू दाबता येत नव्हतं.

सासरे खाली आले. होडीभोवती फिरले. दोरावर बोट मारलं, तो वाजला. फटीतला माझा सदरा दोन बोटांनी उचलून त्यांनी पिळला आणि माझ्या हातात दिला.

"हे बांधलं कोनी?"

"मीच," मी म्हटलं. "जरा घट्ट झालंय."

त्यांनी वर घराकडे बोट केलं.

"जावयबापू," म्हणाले, "वर आमच्या म्हातारीची बाज ढिली झालीय, ती ताना. होडीला परत हात लावू नका."