कागदाची पट्टी

कागदाच्या पट्टीचा मला राग आहे, आणि तो आजकालचा नाही.

आठ वर्षांपूर्वी हैदराबादच्या या कंपनीत अमेरिकी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला लागले, तेव्हा ट्रेनिंगच्या बाईंनी वहीच्या कागदाची पट्टी ओठांसमोर धरायला लावली. प, ट, क म्हणताना अमेरिकी लोकांसारखा हवेचा झोत सुटून पट्टी उडाली पाहिजे. माझी उडेना. महिनाभर आरशासमोर फू फू करत बसले, तेव्हा कुठे नोकरी पक्की झाली.

यंदा कंपनीला बार्सिलोनाकडचं काम मिळालं. तिथल्या लोकांची भाषा कातालान. परीक्षेत पास झालं तर दिवसपाळी, नापास झालं तर पुन्हा रात्रपाळी. आठ वर्षं रात्री जागून मी पार विटले होते. लगेच नाव दिलं. शिकवायला पडद्यावर एक इंग्रज साहेब, पुस्तकही इंग्रजी बोलणाऱ्यांसाठीच लिहिलेलं. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाला, कागदाची एक पट्टी घ्या. आता ती हलता कामा नये. कातालानमध्ये 'पा' म्हणजे पाव. मी 'पा' म्हटलं की पट्टी फडफडायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यानं मला दोनदा नापास केलं. तिसरी संधी शेवटची होती.

तारनाका भागातल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरात पट्टी धरून बसले होते. आई पोळ्या लाटत होती.

"काय करायलीस गं?"

मी पट्टी तिच्या तोंडासमोर नेली. "प म्हण बरं."

"पाणी. पोळी. पळी. बस का?"

पट्टी जागची हलली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आनंद व्हायला हवा होता, पण मला आईचाच राग आला. मग मी 'पाणी' म्हटलं. पट्टी उडाली.

"हौ, तू असंच बोलतीस आता," आई म्हणाली. "पाणी मागितलंस तरी फोनवरल्यावानी. मी काय बोलू मग तुझ्याशी?"

आठवडाभर रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून पाणी, पोळी, पळी करत राहिले. चुकलं की ती लाटणं थांबवून "हल्लू, हल्लू" म्हणायची, लहानपणी जिना उतरताना म्हणायची तसंच.

शनिवारच्या परीक्षेत पट्टी हलली नाही. साहेब खूश झाला. म्हणाला, शाब्बास, तुमचा इंडियन ॲक्सेंट अखेर गेला.

चांगलं सुनावावं असं वाटलं. जे गेलं ते कंपनीनं शिकवलेलं होतं, आणि जे त्याला आवडलं ते माझ्या आईचं होतं. पण निकाल त्याच्या हातात होता. मी "थँक यू, सर" म्हटलं.

घरी आले तर आई दारातच उभी.

"काय म्हणले साहेब?"

"पास म्हणाले."

बाकीचं मी तिला अजून सांगितलेलं नाही, आणि त्या थँक यूसाठी स्वतःला माफही केलेलं नाही.