गाळलेला सूर

बाबा फोनवर बोलायचे तेव्हा अर्धं गाव ऐकायचं. आई म्हणायची, "फोन काऊन लावता? ओट्यावर उभे राहा, तशेच आयकू जाते हैदराबादले." पैनगंगेकाठच्या आमच्या गावात फोन धड नेटवर्क धरत नसे, कधी तर पलीकडच्या महाराष्ट्राचा टॉवर पकडे. उरलेलं अंतर आपल्या गळ्यानं भरून काढायचं असतं, असा बाबांचा पक्का समज होता.

मी हैदराबादेत याच धंद्यात आहे. येऊ घातलेल्या मोबाइल नेटवर्कांसाठी सिग्नल प्रोसेसिंगचं काम करते. बोलणं कोणतं आणि गोंगाट कोणता, हे आमची टीम यंत्राला शिकवते. माणसाचं बोलणं चढतं, उतरतं, अडखळतं. पंखा, मोटर, ट्रॅक्टर एका सुरात चालतात. एकसुरी ते गाळायचं. आमचं सॉफ्टवेअर ज्या फोनमध्ये आधी आलं, तोच मी मोठ्या तोऱ्यात आईला घेऊन दिला होता.

गेल्या वर्षी बाबांना लकवा झाला आणि वाचा गेली. आदिलाबादच्या दवाखान्यात मी उशाशी बसायचे, ते नुसते बघत राहायचे. सुट्टी संपली, मी परतले. काही आठवड्यांनी आईचा फोन आला. तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "बाबा बोलून राह्यले! घे, आयक."

मी कान लावला. काहीच नव्हतं. व्हिडिओ लावला तर चित्र अडकलेलं, बाबांचे ओठ मिटलेले. मला वाटलं, आई स्वतःच्या मनाची समजूत घालतेय. तिचं मन मोडवेना. म्हटलं, "हो बाबा, आयकलं. समजलं मले."

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी आई फोन बाबांच्या तोंडाशी धरायची आणि मी त्या शांततेला "हो का? बरं बाबा" म्हणत राहायचे. मध्येच आई हसून सांगायची, "पाह्य, तू बोलली की किती खुश होते!" ऑफिसात कामाचा डोंगर होता. पुढच्या महिन्यात येते, दिवाळीला नक्की येते, असं चाललं होतं. दिवाळीआधीच बाबा गेले.

तेरवी झाल्यावर शेजारच्या काकू येऊन बसल्या. सहज बोलून गेल्या, "तुहा फोन आला की भाऊजी तोंड मिटून हूंऽऽ असा सूर लावत. थांबतच नव्हते माय. आमच्या सैपाकघरात आयकू ये."

एकच सूर, न थांबणारा. पुढचं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझा बाप रोज माझ्याशी बोलत होता, आणि आम्ही शिकवलेलं यंत्र त्याला पंखा समजून गाळत होतं.

माझ्या फोनवर कॉल रेकॉर्ड होतात. मागच्या खोलीत जाऊन मी एकेक लावून पाहिला. आईचा शब्द न् शब्द लख्ख. बाबांच्या जागी काही नाही. गाळलेलं कुठे साठवून ठेवत नाहीत, टाकून देतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? ओढणी तोंडात कोंबून रडले. आयुष्यात कशाचा एवढा राग आला नव्हता.

आई आत आली. आठवणीनं रडतेय असं तिला वाटलं असावं. पाठीवरून हात फिरवत बसली, मग हळूच म्हणाली, "एक इचारू? मले तं त्याईचं काईच समजे नाही. तुले समजे. काय म्हनत होते ते?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण ती आशेनं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"म्हनत होते," मी म्हटलं, "तुह्या आईनं माह्यं लई केलं."

आईनं डोळ्यांना पदर लावला. मग सरकून आणखी जवळ आली.

"अजून?" तिनं विचारलं. "अजून काय म्हने?"