धोंडूकाकाची कडी

भूतखेत, चकवा असलं मी कधीच मानलं नाही. वाळूजला कंपनीत फिटर आहे. मशीन बंद पडलं की कारण सापडतंच. म्हणूनच हे आठवलं की डोकं फिरतं...

आमचं गाव गंगापूर तालुक्यात, अगदी गोदाकाठी. निजामाच्या काळात इथून कापूस-गूळ नावेनं पलीकडे जायचा. काळ्या दगडाचा घाट, माल ठेवायला कमानींच्या ओवऱ्या, वर जकातीची चौकी. घाटाच्या भिंतीत प्रत्येक नावाड्याची स्वतःची लोखंडी कडी. नाव परत आली की दोर कडीला बांधायचा, ज्याची त्याची गाठ वेगळी. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. कडी रिकामी म्हणजे माणूस पाण्यावर.

धरणासाठी गाव उठलं, तेव्हा धोंडूकाका नाव घेऊन पलीकडचं सामान आणायला गेला तो आलाच नाही. नाव नाही, प्रेत नाही. मग घाटही बुडाला. माझे वडील, आबा, भावाचं दहावं करू देईनात. "कडी बघितल्याबिगर नाय!" काकू दरवेळी विचारायची, "भावजी, कुंकू ठेवू का पुसू? एकदाचं सांगा." वर्षानुवर्षं हेच. मी पार वैतागलो होतो.

नामांतराचं आंदोलन पेटलं होतं, त्या वर्षी पावसानं दगा दिला. पाणी हटलं, घाट उघडा पडला. म्हटलं, आबांना रिकामी कडी दाखवू, काका परतलाच नाही हे पटेल, विषय संपेल.

बाकी कड्या गंजून चिखलानं भरलेल्या. काकाच्या कडीला मात्र दोर — अंबाडीचा, नवाकोरा! गाठ उलटी, डावखुऱ्याची. काका डावखुराच होता. दोराचं दुसरं टोक नुसतंच चिखलात पडलेलं.

"मासेमारीवाल्यांनी बांधला असेल," मी म्हटलं.

"त्यांचा नायलॉनचा असतो. धोंडू आला रं..." आबा रडायलाच लागले.

काकूला दाखवायला मी गाठ सोडू लागलो, तर आबांनी हात धरला. "तू नाय. ज्यानं बांधली त्यानंच."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन जाणार होतो, तर शहर बंद, एसटी बंद! चरफडत आठवडा काढला. गेलो तेव्हा चिखल वाळून तडकलेला, त्यात पावलं फक्त आमचीच, मागच्या वेळची. कडीला दोर नव्हता. आणि त्या भर उन्हात कडी ओली होती.

आसपास सगळ्यांना विचारलं. कुणी धड सांगेना.

घरी आलो तर काकू दारातच उभी. "हाय का गाठ?"

"नाही. रिकामी आहे."

"म्हंजी परत पाण्यावर गेले व्हय," ती म्हणाली, आणि आत जाऊन कुंकू लावून आली.

तिला सांगायला माझ्याकडे आजही दुसरं काही नाही.