अंगावरनं वारं गेलंय, मॅडम

मी धाराशिवच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे लकवा झालेल्यांचे हातपाय परत कामाला लावते. एकेक बोट हलायला पंधरा-पंधरा दिवस लागतात, तोवर माणसं बोलत बसतात. त्यातलं काही घरी सांगितलं की नवरा म्हणतो, "तू दवाखान्यात जातेस की तमाशाला?"

जळकोटचा एक शेतकरी वडिलांना घेऊन आला. सोबत झाकलेली टोपली. आत जिवंत कबूतर!

"अंगावरनं वारं गेलंय, मॅडम. कबुतराचं रगत चोळलं की उतरतंय म्हणत्यात."

मी खुर्ची ओढली आणि बाबांना नीट समजावलं. वारंबिरं काही नसतं. मेंदूतली रक्ताची नळी तुंबली, तिथला मेंदू अडला, म्हणून हात लुळा पडला. बिघाड हातात नाही, डोक्यात आहे. बाबांनी सगळं मन लावून ऐकलं अन् पोराला म्हणाले, "ऐकलंस का? रगत डोक्याला लाव."

कबूतर मीच खिडकीतून सोडलं.

मुरुमचे एक रिटायर्ड हेडमास्तर यायचे. लकव्यानं तोंड वाकडं झालेलं. आरशासमोर बसवून मी रोज सांगायची, "सर, हसा बरं." आठ दिवस झाले तरी ओठ हलेना. मला काळजी लागली. शेवटी त्यांच्या बायकोनं मला बाजूला घेतलं. "मॅडम, हे लकव्याचं न्हाय. लग्नाच्या फोटोत बी ह्यांचं असंच हाय."

पण केवळबाईंची सर कुणालाच नाही. येडशीजवळ त्यांची शेती. एका सकाळी त्यांचे मालक, अंकुशअप्पा, एकदम गप झाले. हात चालू, पाय चालू, तोंडही सरळ. दीर म्हणाला, "रुसलेत दादा. संध्याकाळपत्तूर बोलत्याल." केवळबाई कसल्या ऐकतात! शेजाऱ्याची जीप थांबवली, अप्पांना आत ढकललं आणि तासाभरात आमच्याकडं हजर.

डॉक्टरांनी पेन दाखवून विचारलं, "हे काय?" अप्पांना काही केल्या सांगता येईना. लगेच सीटी स्कॅन केला. रक्तस्राव नव्हता, म्हणजे गुठळी. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, अन् त्यातही जितकं लवकर तितकं बरं. संध्याकाळची वाट बघितली असती तर अप्पांची वाचा गेलीच होती. दीर घामाघूम होऊन भिंतीला टेकलेला. केवळबाई अप्पांचा हात सोडेनात. "माझ्याशी भांडाया तरी उठू द्या ह्यास्नी," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पा अडखळत का होईना, बोलायला लागले. डॉक्टर खूश. "मावशी, घरात कुणाला कळलं नाही. तुम्ही कसं ओळखलं?"

केवळबाईंनी पदर तोंडाला लावला.

"चहात साखरंच्या जागी मीठ पडलंवतं माझ्याकडनं. ह्यांनी सगळा कप पिला, अन् एक शब्द काढला न्हाय."